सांगितले म्हणजे शिकवले?

तंबाखू शरीराला घातक आहे हे ठाऊक नसलेला तंबाखू खाणारा माणूस आज मुद्दाम शोधावा लागेल. पुडीवरच ते चित्रासकट छापलेले असते. साखर कमी खावी, रोज चालावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात ही वाक्येही प्रत्येक दवाखान्यात दिवसभर ऐकू येतात. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात नोंद आहे की, दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांवरचे उपचार ठरल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतदेखील सरासरी ५० टक्केच भरते. विकसनशील देशांत ते त्याहून कमी आहे.

शिक्षकांना हे कोडे नवे नाही. ‘मी तर वर्गात सांगितले होते’ असे आपण म्हणतो आणि उत्तरपत्रिका वेगळेच सांगतात. मग डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना रुग्णाशी कसे बोलावे, त्याला स्वतःच्या सवयी बदलायला कशी मदत करावी, हे कोणी शिकवते का? शिकवता येते का? या प्रश्नाला सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत. हा इतिहास वैद्यकाचा असला तरी त्यातला बराच भाग अध्यापनाचाच आहे.

कोच म्हणजे काय?

आज या कौशल्याला ‘हेल्थ कोचिंग’ असे नाव पडले आहे. ‘कोच’ हा शब्द हंगेरीतील ‘कोच’ नावाच्या गावावरून आला. तेथे पंधराव्या शतकात घोडागाड्या तयार होत. गाव गाडीचे नाव बनले आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यापीठांत विद्यार्थ्याला परीक्षेच्या पैलतीरी ‘वाहून नेणाऱ्या’ खासगी शिक्षकाला विद्यार्थी गमतीने कोच म्हणू लागले. तेथून हा शब्द खेळाच्या मैदानावर गेला. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र त्याचा अर्थ थोडा उलटा झाला आहे. येथे कोणी कोणाला वाहून नेत नाही. रुग्णाने कोठे जायचे ते त्यानेच ठरवायचे असते. कोचने त्याला विचार करायला, ठरवायला आणि ठरवलेले टिकवायला मदत करायची असते.

व्याख्यान विरुद्ध चर्चा

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू होते. अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. जनावराचे हृदय, गुर्दे आणि काही ग्रंथी हे भाग पौष्टिक असूनही तेथील गृहिणी ते स्वयंपाकात घेत नसत. सरकारच्या वतीने खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणारी एक समिती नेमली गेली होती. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या सचिव होत्या. या समितीसाठी कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. लेविन ज्यू होता आणि १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आला होता.

प्रयोग साधा होता. रेडक्रॉसचे गृहशुश्रूषेचे वर्ग चालत. त्यांतील स्त्रियांचे १३ ते १७ जणींचे सहा गट घेतले. तीन गटांना या पदार्थांवर चांगले व्याख्यान दिले. जीवनसत्त्वे, युद्धकाळातील काटकसर आणि पाककृती असे सारे त्यात होते. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान न देता चर्चा केली. ‘आपल्यासारख्या गृहिणींना हे पदार्थ करण्यात काय अडचणी येतील?’ हा चर्चेचा विषय होता. वास येतो, नवरा तोंड वाकडे करतो, अशा अडचणी त्यांनीच सांगितल्या. मग त्यांवरच्या उपायांविषयी बोलणे झाले. शेवटी, येत्या आठवड्यात कोण करून पाहणार, असे विचारून हात वर करायला सांगितले. वेळ दोन्हीकडे सारखाच, ४५ मिनिटे.

नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के, तर चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ घरी केल्याचे आढळले.

दहा पटींच्या या फरकाने अनेकजण भारावून गेले. पण प्रयोगात एक कच्चा दुवा होता. चर्चेच्या गटांना पुढे चौकशी होणार असल्याचे सांगितले होते, व्याख्यानाच्या गटांना नव्हते. लेविनने स्वतःच हा मुद्दा नोंदवला. १९५५ मध्ये ईडिथ बेनेट पेल्झ यांनी चर्चा, निर्णय आणि गटाचे एकमत हे घटक वेगवेगळे करून तपासले. नुसत्या चर्चेने फारसे साधत नाही, असे त्यांना दिसले. महत्त्वाच्या ठरल्या त्या दोन गोष्टी: प्रत्येकीने निर्णय घेणे आणि बाकीच्याही तसेच ठरवत आहेत असे जाणवणे. म्हणजे ‘चर्चा घ्या’ एवढ्याने काम भागत नाही. चर्चेच्या शेवटी माणसाने स्वतः काहीतरी ठरवावे लागते.

तबकडीवरचा आवाज

त्याच सुमारास ओहायो राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्रज्ञ समुपदेशन शिकवत होते. समुपदेशकाने उपदेश न करता लक्षपूर्वक ऐकावे, समोरच्याने जे म्हटले ते आपल्या शब्दांत परत मांडावे, म्हणजे त्याला स्वतःचे विचार स्पष्ट दिसू लागतात, असे त्यांचे मत होते. ते शिकवायचे कसे? समुपदेशन बंद खोलीत चालते. तेथे काय घडले ते विद्यार्थी नंतर आठवून लिहीत, आणि आठवण नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते.

रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही संभाषणे संबंधितांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्या काळी टेप नव्हती. तबकड्यांवर मुद्रण होई आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. एवढा खटाटोप करून ऐकले तेव्हा विद्यार्थी चकित झाले. आपण ऐकून घेतो असे मानणारे विद्यार्थी प्रत्यक्षात सारखे सल्ले देत होते, मध्येच तोडत होते, संभाषणाला आपल्याला हवे तिकडे वळवत होते. रॉजर्स यांच्या १९४२ सालच्या पुस्तकात एका व्यक्तीच्या समुपदेशनाच्या सर्व बैठकी शब्दशः छापल्या आहेत. पुढे संवादकौशल्याच्या प्रशिक्षणात जे काही झाले त्याचे मूळ येथे आहे. आपण काय केले असे आपल्याला वाटते आणि आपण खरोखर काय केले, यांतले अंतर मोजायचे साधन आता हाती आले होते.

नकली रुग्ण

वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र बराच काळ वेगळे चालले होते. रुग्णाची हकीकत घ्यायला शिकवत, पण ती रोगनिदानासाठी. विद्यार्थी रुग्णाशी कसा बोलतो हे प्राध्यापक क्वचितच पाहत. खरा रुग्ण सरावासाठी पुन्हापुन्हा वापरणे हेही योग्य नव्हते.

१९६३ मध्ये लॉस एंजलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका स्त्रीला मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णाची भूमिका शिकवली. हकीकत, चालण्यातला दोष, स्वभाव सगळे ठरवून दिलेले. विद्यार्थी तिला तपासत आणि नंतर ती सांगे, कोण कसे वागले, कोणी घाईत हात लावला, कोणी नीट ऐकले. हॉलिवूड जवळच असल्याने या कल्पनेची टिंगल झाली. पण तिचा फायदा उघड होता. प्रत्येक विद्यार्थ्याला तोच ‘रुग्ण’ मिळे, चुकले तर कोणाचे नुकसान होत नसे, आणि रुग्णाची बाजू रुग्णाच्या तोंडून ऐकायला मिळे. पुढे अशा व्यक्तींना ‘प्रमाणित रुग्ण’ हे नाव रूढ झाले.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी एक नवी परीक्षापद्धती प्रसिद्ध केली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात. प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक काम करायचे, परीक्षकाने आधी ठरवलेल्या यादीप्रमाणे गुण द्यायचे, घंटा झाली की पुढे सरकायचे. आज ही पद्धती ‘ऑस्की’ या नावाने जगभर चालते. त्यांपैकी एखाद्या टेबलाशी प्रमाणित रुग्ण बसवला की ‘सिगारेट सोडण्याविषयी या गृहस्थांशी बोला’ हाही परीक्षेतला प्रश्न होऊ शकतो. परीक्षेत येते ते शिकवले जाते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

अठरा सेकंद

रुग्णाशी बोलणे एवढे का शिकवायचे, अशी शंका घेणाऱ्यांना १९८४ साली एक आकडा मिळाला. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. केवळ २३ टक्के भेटींत रुग्णाला सुरुवातीचे म्हणणे पूर्ण करता आले. डॉक्टरने मध्ये तोडण्यापूर्वी सरासरी १८ सेकंद गेले होते. १९९९ मध्ये असाच अभ्यास पुन्हा झाला तेव्हा हा काळ सुमारे २३ सेकंद भरला. त्यातली एक बाब विशेष आहे. ज्यांना म्हणणे पूर्ण करू दिले त्यांनी, मध्ये तोडलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी फक्त ६ सेकंद जास्त घेतले. ‘ऐकत बसायला वेळ कोठे आहे’ ही सबब त्यामुळे लंगडी पडली.

बर्गेनचे विद्यार्थी

आता आपण मुख्य वळणाशी येतो. विल्यम मिलर हे अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात दारूच्या व्यसनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्या काळी व्यसनी माणसाशी कठोर बोलावे, त्याचा नकार मोडून काढावा, असा समज होता. १९८० मध्ये मिलर व सहकाऱ्यांच्या एका अभ्यासात वेगळेच दिसले. सर्व समुपदेशकांची उपचारपद्धती एकच होती, तरी ज्यांच्यात समोरच्याचे समजून घेण्याची क्षमता जास्त होती त्यांच्याकडे आलेल्या लोकांची दारू जास्त कमी झाली.

१९८२ मध्ये मिलर नॉर्वेतील बर्गेन येथे गेले होते. तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना रुग्णाशी कसे बोलता ते करून दाखवायला सांगितले. ते मध्येमध्ये थांबवून विचारत, ‘हाच प्रश्न का विचारलात? आता हे का नाही विचारले?’ उत्तरे देता देता मिलर यांना आपलीच पद्धत उमगत गेली. माणूस स्वतःच्या तोंडाने बदलाची कारणे बोलू लागावा असे ते प्रश्न विचारत होते. माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात: सोडावीशीही वाटते, सोडवतही नाही. आपण एक बाजू जोराने मांडली की तो आपोआप दुसरी मांडू लागतो, आणि स्वतःचे बोलणे ऐकून त्याच बाजूला झुकतो. हा विचार १९८३ मध्ये लेखरूपाने आला. त्याला इंग्रजीत ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात, मराठीत ‘प्रेरक संवाद’ म्हणता येईल. पुढे मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत व्यसनांपलीकडे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याकडे पसरली. १९९३ मध्ये मिलर यांच्या आणखी एका अभ्यासात आढळले की समुपदेशक जितका सामना करी, तितके समोरच्याचे पिणे वर्षानंतर जास्त असे.

एकच रुग्ण, दोन संवाद

ही पद्धत नेमकी कशी असते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. मधुमेह असलेला एक शेतकरी आणि नर्सिंगची विद्यार्थिनी. पहिला प्रकार:

“काका, शुगर वाढलीय. गोळ्या रोज घेता ना?”

“घेतो की. कधीमधी राहतात.”

“असं कसं चालेल? पाय कापायची वेळ येईल. चहातली साखर बंद करा, गोळी चुकवू नका.”

“बरं.”

या ‘बरं’चा अर्थ सगळ्यांना कळतो. आता दुसरा प्रकार:

“काका, गोळ्यांचं कसं काय जमतंय?”

“सकाळीच रानात जातो. गोळी जेवायच्या आधी घ्या म्हणतात. जेवण कधी बाराला, कधी तीनला. गोळी राहते घरी.”

“म्हणजे घ्यायची आहे, पण गोळी घरी आणि तुम्ही रानात.”

“तेच की. थोरल्या भावाचा पाय गेला ह्या साखरेनं. तसं व्हायला नको.”

“भावाचं डोळ्यांनी पाहिलंत, त्याची काळजी वाटते.”

“वाटते तर. भाकरीच्या फडक्यातच गोळी बांधून दिली तर ध्यानात राहील. सांगतो घरात.”

“छान सुचलं. गोळी घेतल्यावर जेवण का लांबवायचं नाही, ते सांगू का?”

“सांगा की.”

दुसऱ्या संवादात विद्यार्थिनीने चार गोष्टी केल्या. ‘हो-नाही’त संपणार नाही असा प्रश्न विचारला. ऐकलेले परत मांडले. उपाय काकांकडून येऊ दिला. माहिती देण्याआधी परवानगी घेतली. माहिती तिने दिलीच, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायक इतकी उतरू शकते. फरक इतकाच, की ती माहिती काकांना हवी असताना मिळाली.

कार्यशाळेने काय साधते?

हे कौशल्य शिकवायला सोपे आहे का? मिलर यांनी आपल्याच प्रशिक्षणाची परीक्षा घेतली, हे त्यांचे वैशिष्ट्य. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर प्रशिक्षणार्थी समाधानी होते, आपल्याला पद्धत आली असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्ष संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा बदल अगदी थोडा निघाला आणि समोरच्या माणसांच्या बोलण्यात तर काहीच फरक नव्हता.

म्हणून २००४ मध्ये मोठा प्रयोग झाला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील १४० व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाच गट पाडले. एका गटाने पुस्तक व चित्रफिती पाहून स्वतः शिकायचे. दुसऱ्याला फक्त कार्यशाळा. तिसऱ्याला कार्यशाळेनंतर त्यांच्या ध्वनिफिती तपासून लेखी अभिप्राय. चौथ्याला कार्यशाळेनंतर फोनवरून काही वेळा व्यक्तिगत मार्गदर्शन. पाचव्याला दोन्ही. कार्यशाळेने सुरुवातीला कौशल्य वाढले, पण पाठोपाठ अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळाले तरच ते चांगले टिकले. रुग्णांच्या बोलण्यात बदलाची भाषा वाढलेली दिसली ती दोन्ही मिळालेल्या गटात.

अनेक शिक्षक-प्रशिक्षणांना बसलेल्या आपल्या वाचकांना यातले वेगळे समजावून सांगायला नको. पोहणे जसे व्याख्यानाने येत नाही तसे ऐकणेही येत नाही. सराव, कोणीतरी पाहणे, त्यावर बोलणे आणि पुन्हा सराव, असे चक्र लागते.

आपल्याकडे

महाराष्ट्राजवळ या इतिहासातले स्वतःचे एक पान आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावांनी निवडलेल्या, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. हे प्रशिक्षण एकदाच उरकलेले नव्हते. सेविका ठरावीक दिवशी एकत्र जमत, गावात काय घडले ते सांगत, त्यावर चर्चा होई आणि त्या पुन्हा गावात जात. अभिप्राय आणि सराव यांचे हे चक्र न्यू मेक्सिकोतील प्रयोगाच्या तीस वर्षे आधी येथे फिरत होते.

महाविद्यालयांना तेथवर यायला वेळ लागला. आपला विद्यार्थी वैद्यक इंग्रजीतून शिकतो आणि रुग्ण मराठीत, अहिराणीत किंवा कोरकूत बोलतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात कणकण आहे’ यांचे इंग्रजी करण्यातच त्याची शक्ती खर्च होते. २०१९ पासून देशातील एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग पहिल्या वर्षापासून आला. विषय वेळापत्रकात आला हे स्वागतार्ह आहे. तो मोठ्या सभागृहात व्याख्यान देऊन उरकला गेला तर मात्र लेविनचे ३ टक्केच हाती येतील.

तारतम्य

या पद्धतीला रामबाण मानणेही बरोबर नाही. २००५ मध्ये प्रेरक संवादाच्या ७२ नियंत्रित प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यांत सुमारे चारपैकी तीन प्रयोगांत उपयोग दिसला, म्हणजे एकात दिसला नाही. साधा सल्लाही अगदी वाया जात नाही. लंडनमधील १९७९ च्या एका अभ्यासात काहीच न सांगितलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ०.३ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले, तर डॉक्टरने स्पष्ट सल्ला, माहितीपत्रक आणि पुन्हा विचारपूस होईल अशी सूचना दिलेल्यांपैकी ५.१ टक्के. प्रमाण थोडे, पण लाखो लोकांच्या हिशेबात मोठे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १८४८ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरकोव्ह याने सायलेशियातील तापाच्या साथीची पाहणी केली आणि तिचे मूळ दारिद्र्य व शिक्षणाचा अभाव यांत असल्याचे लिहिले. ज्या घरात गोळीला पैसे नाहीत तेथे कितीही कुशल संवाद अपुराच. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणे आणि ‘दोष तुमचाच’ म्हणणे यांत अंतर ठेवले नाही, तर चांगली पद्धतही अन्यायाची होते. विद्यार्थ्याला हेही शिकवायला हवे, की रुग्णाची अडचण ऐकल्यावर काही वेळा रुग्णाला नव्हे तर दवाखान्याच्या व्यवस्थेला बदलावे लागते.

वर्गात करून पाहा

नववी ते बारावीच्या वर्गात तिघातिघांचे गट करा. एकाने आपल्याला खरोखर बदलावीशी वाटणारी एखादी साधी सवय सांगावी, उदाहरणार्थ उशिरा उठणे. फार खासगी विषय नको. दुसऱ्याने पाच मिनिटे त्याच्याशी बोलावे. अट एकच, सल्ला द्यायचा नाही. तिसऱ्याने कागदावर तीन रकाने आखून खुणा कराव्यात: उघडे प्रश्न किती, परत मांडणे किती, आणि चुकून दिलेले सल्ले किती. मग भूमिका बदलाव्यात. शेवटी सवय सांगणाऱ्याला विचारावे, ‘तू काय ठरवलेस?’ आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. शिक्षकांनीही एका गटात बसावे आणि आपल्या नावापुढच्या तिसऱ्या रकान्यात किती खुणा पडतात ते मोजावे.